शाळेच्या वाचनालयातल्या अद्भुत कादंबऱ्या: पावसाळ्यापासून काजूच्या मोसमापर्यंत वापरून

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलमध्ये वाचनालय माझ्याकडे आहे. पाचवी ते आठवीसाठी अद्भुत-साहसाच्या कादंबऱ्यांचा कप्पा वेगळा केला, त्याला आता बरेच महिने झाले. ऑनलाइन शेरे बहुधा पालकांचे असतात. चाळीस हातांतून फिरणाऱ्या पुस्तकाचा हिशेब निराळा.

जाडीला मुलं घाबरत नाहीत, पहिल्या दहा पानांना घाबरतात. राज्याचा इतिहास आणि राजाची वंशावळ यांतच पानं गेली, की पुस्तक दुसऱ्या दिवशी टेबलावर परत. आमची बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात, मराठी शाळेत. संवाद भरपूर असले की ती सुसाट वाचतात. भाषांतरित मालिकांचं घोडं इथंच पेंड खातं. ‘त्याने आपले मस्तक नकारार्थी हलवले’ असं कोण बोलतं? एका मालिकेत तर जादूगाराचं नाव दुसऱ्या भागात वेगळंच छापलंय. मुलांनी ती दोन माणसं धरली आणि पहिला कधी परत येतो याची शेवटपर्यंत वाट बघितली.

हॅरी पॉटर मराठीत आहे, सुरुवातीचे भाग झरझर जातात. चौथा मूळचाच जाडजूड. त्याला आठवड्याची मुदत पुरत नाही, तीन आठवडे द्या.

खरी परीक्षा जादूची. वेशीवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोट (जाड भाकरी) ठेवून आलेल्या पोराला अद्भुताचं अप्रूप नसतं. राखणदार कशानं कोपतो, कशानं सांभाळतो, हे त्याला घरातूनच ठाऊक. म्हणून नायक अडकला की ऐनवेळी अंगठी चमकते आणि सगळं सुटतं, अशा गोष्टीला सातवीतली पोरं सरळ हसतात. मंत्र वापरला तर काहीतरी गमवावं लागतं, असा नियम जिथं आहे ती पुस्तकं कपाटात ठरत नाहीत. ‘टीचर, दुसरो भाग आयलो?’ हे मी त्याच पुस्तकांसाठी ऐकते.

अद्भुत नसूनही त्याच कप्प्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ठेवलाय. फुरसुंगीच्या बन्याचं पुणं आमच्या मुलांनी पाहिलेलं नाही, पण ‘ट्टॉक’ सगळ्यांना करता येतं. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न मात्र आठवीलाच द्यावा.

आता तक्रार. नुसत्या गोंदावर चिकटवलेली बांधणी आमच्या पावसात टिकत नाही. श्रावणापर्यंत मधली पानं हातात आली आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बुरशीचे ठिपके. प्लास्टिकचं कव्हर घालाल तर पुस्तक आधी नीट सुकवा, नाहीतर ओल आतच कोंडते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, तेव्हा बराच फरक पडला. शिवलेली बांधणी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजा.

मालिका घेताना सगळे भाग एकदम घ्या, पहिल्याच्या दोन प्रती, तोच हरवतो. शक्य असेल तर आधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन पुस्तक चाळा, मधलंच एखादं पान मोठ्यानं वाचून बघा. जीभ अडखळली तर यादीतून काढा.