क्लासचं नाव बदललं, डेटाबेसमध्ये जुनंच राहिलं: एलियस, मायग्रेशन की स्थिर खूण?

कोडमध्ये ‘इन्व्हॉइस’ क्लासचं ‘बिल’ करणं एडिटरच्या दोन कळांचं काम आहे. डेटाबेसमध्ये मात्र ‘इन्व्हॉइस’च राहतं. मार्ग निवडण्याआधी ते नाव नेमकं कुठे लिहिलंय ते शोधा. रेल्सच्या (रूबीचं वेब फ्रेमवर्क) ‘टाइप’सारख्या स्वतंत्र कॉलममध्ये आहे, की पायथनचं पिकल, पीएचपीचं सिरियलाइझ किंवा झोडीबीच्या (पायथनचा ऑब्जेक्ट डेटाबेस) रेकॉर्डसारख्या ब्लॉबच्या, म्हणजे अख्खा ऑब्जेक्ट बाइट्समध्ये गुंडाळलेल्या तुकड्याच्या पोटात? पहिल्या ठिकाणी नुसता एलियस (नव्या क्लासला जुन्या नावानेही ओळखणं) पुरत नाही, दुसऱ्या ठिकाणी नुसतं एसक्यूएल.

एलियस सगळ्यात स्वस्त. पायथनमध्ये जुन्या मॉड्यूलमध्ये एक ओळ: जुनं नाव बरोबर नवा क्लास. पिकल मॉड्यूलचा पत्ता आणि नाव दोन्ही साठवतं, म्हणून जुनी फाइलही जागेवर ठेवावी लागते. एलियसऐवजी जुन्या नावाचा सबक्लास करू नका. जुने ऑब्जेक्ट त्या सबक्लासचे बनतात आणि सेव्ह करताना पुन्हा जुनंच नाव लिहितात. खरा एलियस असेल तर झोडीबीमध्ये बदललेला ऑब्जेक्ट नव्या नावाने साठतो; ज्याला कुणी हात लावला नाही, तो वर्षानुवर्षं जुन्याच नावाने पडून राहतो.

कॉलममध्ये नाव असेल तर एलियस फसवतो. रेल्समध्ये एकाच टेबलात अनेक सबक्लास असतील, तर मूळ क्लासमधून जुनी ओळ वाचता येते, पण ‘बिल’ची यादी मागितली की क्वेरीत टाइप ‘बिल’ असण्याची अट लागते आणि जुन्या ओळी गळतात. एररही येत नाही. नाव सापडलंच नाही तर निदान सबक्लास-नॉट-फाउंड ही एरर तरी दिसते. रिपोर्टमधून गायब झालेल्या ओळी कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

वाचताना नाव बदलून घेणं तेव्हा बरं, जेव्हा एकदम बरीच नावं बदलली आहेत आणि जुनी मॉड्यूलं मागे ठेवायची नाहीत. पायथनमध्ये अनपिकलरची फाइंड-क्लास मेथड ओव्हरराइड करून जुन्या नावाला कोणतं नवं नाव याचा नकाशा द्यायचा. पण थेट पिकल-लोड्स वापरणारी एखादी बॅकग्राउंड स्क्रिप्ट राहिली तर ती तिथेच पडते. जावामध्ये आणखी एक अडचण आहे: डेटा वाचताना क्लास शोधणारी रिझॉल्व्ह-क्लास मेथड बदलून पॅकेज हलवलेलं चालतं, पण क्लासचं साधं नाव बदललं तर इनव्हॅलिड-क्लास एक्सेप्शन येतं. तिथे रीड-क्लास-डिस्क्रिप्टर ओव्हरराइड करावं लागतं. शिवाय सिरियल व्हर्जन यूआयडी (क्लासची आवृत्ती ओळखणारा आकडा) स्वतः लिहिलेला नसेल, तर तो क्लासच्या नावावरूनही काढला जातो, म्हणून नावासोबत तोही बदलतो.

मायग्रेशन, म्हणजे साठवलेली नावंच बदलणं, कॉलमसाठी सोपं: एक अपडेट, मोठ्या टेबलात प्रायमरी कीनुसार काही हजार ओळींच्या तुकड्यांत. पॉलिमॉर्फिक कॉलम (वेगवेगळ्या क्लासच्या ओळींकडे बोट दाखवताना क्लासचं नाव साठवणारे), ऑडिट टेबल आणि जॉबची रांगही तपासा. ब्लॉबवर एसक्यूएलचं रिप्लेस चालवू नका. पीएचपी नावाआधी त्याची लांबी लिहितं. ७ बाइटच्या जागी ४ बाइटचं नाव घातलं आणि आकडा ७च राहिला तर अनसिरियलाइझ ‘फॉल्स’ देतं. एलियस लावून वाचायचं आणि परत लिहायचं, हाच भरवशाचा रस्ता. झोडीबीमध्ये एका ऑब्जेक्टकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या संदर्भांतही क्लासचं नाव असतं, त्यामुळे फक्त तो ऑब्जेक्ट पुन्हा सेव्ह करून भागत नाही. झोडीबी-अपडेट (zodbupdate) हे साधन दोन्ही बदलतं. आणि जुना बॅकअप पुन्हा चढवला की जुनी नावं परत येतात, म्हणून मायग्रेशनची स्क्रिप्ट फेकू नका.

स्थिर खूण म्हणजे क्लासच्या नावाऐवजी ठरलेला शब्द साठवणं: लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचा मॉर्फ मॅप, जावातल्या जेपीएची (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवण्याचं मानक) डिस्क्रिमिनेटर व्हॅल्यू. जेपीएमध्ये ती दिली नसेल, तर मजकुराच्या कॉलममध्ये एंटिटीचं, म्हणजे सहसा क्लासचं, नावच जातं. म्हणून नव्या ‘बिल’ क्लासवर ‘इन्व्हॉइस’ ही व्हॅल्यू लावा: डेटाला हात न लावता काम होतं आणि पुढचं नामांतर फुकट पडतं. कॉलमवाल्यांनी आधी हाच मार्ग बघावा असं आमचं ठाम मत आहे. ब्लॉबवाल्यांनी आधी एलियस लावावा, मग मायग्रेशन करावं.

अनेक सर्व्हर टप्प्याटप्प्याने बदलत असाल तर क्रम चुकवू नका. थेट नवा क्लास आणि जुन्या नावाचा एलियस असं केलंत, तर नवा सर्व्हर ‘बिल’ लिहितो आणि जुन्या सर्व्हरला ते वाचता येत नाही. पहिल्या रिलीजमध्ये खरा क्लास ‘इन्व्हॉइस’च ठेवा, ‘बिल’ हा त्याचा एलियस. ते सगळीकडे पोचल्यावर दुसऱ्या रिलीजमध्ये उलटं करा. मागे फिरावं लागलं तरी पहिली आवृत्ती दोन्ही नावं वाचते.

एलियस काढण्याआधी मोजा. कॉलम असेल तर टाइपनुसार ग्रुप करून संख्या बघा. ब्लॉब असेल तर पायथन ३.७पासून मॉड्यूललाच गेट-ॲटर (__getattr__) फंक्शन देता येतं. त्यातून जुनं नाव मागितल्याची नोंद लॉगमध्ये पाडा. महिन्याअखेरीस किंवा वर्षाअखेरीस चालणारी कामं एकदा उरकेपर्यंत ती नोंद चालू ठेवा.