फमाचा कार्ड पावसाळाभर वापरलं, त्याचा अनुभव (जंताचं औषध लागू पडत नाही म्हणणाऱ्यांनी वाचा)

मेंढीच्या पापणीच्या आतला रंग बघून जंताचं औषध द्यायचं का नाही ते ठरवायचं हे फमाचा कार्ड खरंच कामाचं आहे का नुसतं फॅड आहे असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. जूनपासून वापरतोय, आता थंडी पडली, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लांब झालंय, सांभाळून घ्या.

आमचा मेंढरांचा कळप माण तालुक्याच्या बाजूचा, अर्धबंदिस्त. बहुतेक दख्खनी जातीची, थोडी माडग्याळ जातीची. दिवसा माळावर आणि ओढ्याकाठी चराई, रात्री वाड्यात. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजायची इकडे सगळीकडेच पद्धत, आमच्याकडेही तेच. आणि तरी मागच्या दोन पावसाळ्यात मेंढरं खंगायला लागली, जबड्याखाली पाणी उतरायचं, डोस दिला की चार दिवस बरं वाटायचं की परत तेच. दुकानदार म्हणतो कंपनी बदला. कंपनी बदलली. बाटलीवर फेनबेंडाझोल लिहिलेलं. आता हे नीट वाचा कारण निम्मे पैसे इथंच वाया जातात: अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल ही सगळी एकाच गटातली औषधं, जंत एकाला दाद देत नसेल तर बाकीच्यांनाही बहुधा देत नाही, मग बाटली कितीही बदला.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी लेंड्या तपासायला लावल्या. डोसच्या आधी ठराविक मेंढरांच्या लेंड्या, आणि १०-१४ दिवसांनी त्याच मेंढरांच्या परत. लॅबवाले त्या मिठाच्या दाट पाण्यात कालवतात, अंडी वर तरंगतात, काचेच्या खाचेत मोजतात. औषध चांगलं असेल तर अंडी ९५ टक्क्यांच्या वर कमी व्हायला पाहिजेत. आमची निम्म्यानेही कमी झाली नाहीत. पाणी पाजल्यातच जमा. तेव्हा डॉक्टर म्हणाले आता औषध बदलून भागणार नाही, पाजायची पद्धत बदला, आणि हे कार्ड हातात दिलं.

कार्ड दक्षिण आफ्रिकेतलं. फाफा मालन म्हणून तिथले पशुवैद्य, त्यांच्या नावावरूनच कार्डाचं नाव पडलं. त्याच्यावर मेंढीच्या डोळ्याची पाच चित्रं, एक नंबर लालबुंद, पाच नंबर पांढराफटक. खालच्या पापणीच्या आतला रंग बघायचा आणि कार्डाशी जुळवायचा. १ आणि २ ला औषध नाही, ४ आणि ५ ला द्यायचंच, ३ ला तुमचं तुम्ही ठरवा (कोकरू असेल, गाभण किंवा नुकती व्यायलेली असेल, अंगावर मांस नसेल तर मी देतो).

हे चालतं कारण आपल्याकडचा पावसाळ्यातला मुख्य वैरी म्हणजे हिमोंकस नावाचा जंत. चौथ्या पोटात बसून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली, ऐकायला काहीच नाही, पण पोटात पाच हजार असले की रोजचं पाव लिटर रक्त गेलं, आणि एकेक मादी रोज पाच ते दहा हजार अंडी टाकते ती वेगळीच. ऊबदार ओल मिळाली की आठवड्याभरात त्यातनं अळ्या तयार होऊन गवताच्या पात्यावर चढतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यापूर्वी टणटणीत असलेली मेंढी अचानक आडवी होते.

आता वापरायला कसं आहे ते. पहिल्यांदा प्रचंड वेळ गेला, मेंढरं धरायला दोन माणसं, तिसरा वहीत लिहायला. नंतर हात बसतो, मग एका जनावराला दहा-पंधरा सेकंद पुरतात. वरची पापणी डोळ्यावर मिटवायची, हलकं दाबायचं आणि खालची ओढायची, आतली त्वचा आपोआप बाहेर येते. उन्हात बघायचं, शेडमध्ये पत्र्याखाली सगळीच मेंढरं आजारी दिसतात. दोन्ही डोळे बघायचे आणि शंका आली तर फिकट नंबर धरायचा. पावसात दर दोन आठवड्यांनी, पाऊस सलग लागला तर आठवड्यानेच. कार्डाचा फोटो मोबाईलवर किंवा झेरॉक्सवर घेऊन काम भागवू नका, रंग बदलतो आणि सगळा खेळ रंगाचाच आहे. मूळ कार्डसुद्धा उन्हाने विटतं, वर्षाने नवीन घ्यावं लागतं.

सगळ्यात अवघड काय असेल तर न पाजणं. औषध हातात आहे, मेंढरू हातात आहे, आणि डोळा लाल दिसतोय म्हणून सोडून द्यायचं, हे घरच्यांना पटवताना नाकी नऊ आले. आमचे शेजारचे तात्या, सगळी हयात मेंढरांमागे गेलेली, ते बघायला आले आणि म्हणाले पापणी उलटून बघायचं तर आमचा बापही करायचा, त्याला कार्ड कशाला. बरोबर आहे त्यांचं. पण तात्या बघून पांढरं पडलेलं जनावर शोधतात आणि मग सगळ्या खांडालाच पाजतात. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं ते असं, की ज्या मेंढरांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटात औषधाने मरणारे साधे जंत शिल्लक राहतात, त्यांची अंडी माळावर पडतात, आणि औषध पचवणाऱ्या जंतांची पैदास त्यांच्यात मिसळून पातळ होते. सगळ्यांना पाजलं की साधे मेले, उरले ते फक्त पचवणारे, मग माळावर अंडी कुणाची पडणार? तात्या काही बोलले नाहीत पण पुढच्या वेळी वही मागून घेतली.

याच्यावरनं एक गोष्ट सांगतो जी काही जणांना आवडणार नाही. मे महिन्याच्या शेवटी पावसाच्या तोंडावर सगळ्या कळपाला सरसकट डोस, हे मला आता घातक वाटतं. उन्हाने माळावरच्या अळ्या जवळजवळ संपलेल्या असतात, जे काही जंत आहेत ते मेंढरांच्या पोटात दबा धरून. तेव्हा सगळ्यांना पाजलं की पहिल्या पावसात माळावर जी अंडी पडतील ती सगळी औषधातनं वाचलेल्यांची. यंदा आम्ही फक्त फिकट आणि खंगलेल्यांना दिलं.

कार्डाने न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. रक्त न पिणारे जंत असले की हगवण लागेल, वजन घटेल पण डोळा लालच राहील, त्यामुळे शेपटीखाली घाण आहे का आणि पाठीच्या कण्यावर मांस किती हेही बघायचं. धूळ जाऊन किंवा डोळे येऊन लाल झालेला डोळा फसवतो. उलट काविळीच्या जंताने म्हणजे लिव्हर फ्लूकने पण डोळा पांढरा पडतो. मेंढपाळांचे जे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात, भाताच्या ओल्या खाचरांत चारतात, त्यांनी हे डोक्यात ठेवा, तिथं गोगलगायीमुळे फ्लूक लागतो. आणि लेंडीत भाताच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की घाबरून पळापळ करणारे खूप, तो पट्टकृमी आहे, दिसतो मोठा पण मेंढी मारणारा तो नव्हे.

औषधाचं सांगायचं तर आम्ही ४-५ नंबरवाल्यांना क्लोसँटेल दिलं, डॉक्टरांच्या सल्ल्याने. रक्तात टिकून राहतं त्यामुळे रक्त पिणाऱ्या जंतावर काही आठवडे काम करतं. पण डोस जास्त झाला तर जनावर आंधळं होऊ शकतं, लेव्हामिसोलचाही जास्त डोस सोसत नाही, आणि अल्बेंडाझोल गाभणीच्या सुरुवातीला द्यायचंच नाही. म्हणून वजनकाटा घ्या. लटकता काटा कार्डाइतकाच उपयोगी निघाला, कारण अंदाजपंचे सगळे कमीच धरतात, ३५ किलोच्या मेंढीला २५ चा डोस जातो आणि अर्धवट डोसात नेमके चिवट जंत वाचतात. अल्बेंडाझोल २.५ टक्केवालं १० किलोला ३ मिली, आता हिशोब करा.

आणि नवीन औषध येईल म्हणून वाट बघू नका. अल्बेंडाझोलच्या गटातलं पहिलं, थायबेंडाझोल, १९६१ ला आलं, तीन वर्षांत त्याला दाद न देणारे जंत सापडले. भारतात १९७६ लाच नोंद आहे. मोनेपँटेल हे नव्या गटातलं औषध २००९ ला न्यूझीलंडमध्ये आलं, २०१३ पर्यंत तिथंच एका ठिकाणी शेळ्यांमध्ये निकामी झाल्याचं छापून आलं. जंताची पिढी महिन्याभरात, औषध कंपनीची वीस वर्षांत.

वहीचा फायदा मला अपेक्षित नव्हता तिथं झाला. सप्टेंबरात पानं चाळली तर दर वेळी तीच ती बिल्ल्यांची मेंढरं ४ वर. साधारण २०-३० टक्के जनावरांत ८० टक्के जंत असतात म्हणतात, वहीत तेच दिसलं. काही मेंढ्या त्याच माळावर चरून अख्ख्या पावसाळ्यात एकदाही औषध न लागलेल्या. ज्या सारख्या ४-५ वर त्या बाजारात काढल्या, त्यांच्या कोकरांतला मेंढा ठेवायचा नाही असं ठरवलं. हा गुण पुढच्या पिढीत उतरतो. फलटणच्या नारी या संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढ्यांचा दख्खनीशी संकर करून बघितला तेव्हा संकरित कोकरं जंताला जास्त चिवट निघाली होती. राजस्थानात अविकानगरच्या मेंढी संशोधन संस्थेतही जंताला तोंड देणारी मेंढरं निवडण्याचं काम झालंय.

औषधाचा खर्च निम्म्याच्या खाली आला, मजुरी मात्र वाढली, हे खरं सांगायला पाहिजे. मेंढरं मेली नाहीत असं नाही, ऑगस्टच्या झडीत दोन गेली, तेव्हा आठवडा चुकवून दोन आठवड्यांनी बघितलं होतं. पाचपैकी साडेतीन देईन. दीड कापला कारण एकट्या माणसाला मोठ्या कळपावर हे जमणारं नाही, आणि कार्ड सहज मिळतही नाही, शिकवणारा लागतो.

घ्यायचं असेल तर आधी लेंड्या तपासून कुठलं औषध चालतंय ते बघा, बाकी मग. आमची लेव्हामिसोलची तपासणी राहिलीये, पुढच्या पावसाळ्यात करणार, आकडे आले की इथंच टाकतो. कुणाकडे आधीच केलेली असेल तर तालुक्यासकट सांगा.