बोट कुणाचं, हे आधी बघा

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, तोंडाने शब्द येत नाहीत. पाणी हवं असलं की माझा हात धरून फिल्टरपाशी नेतो. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सेंटरने आम्हाला ५७,२०० रुपयांना फसवलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्यांनी स्वतःची वाक्यं माझ्या लेकाच्या नावावर खपवली, ते जास्त जिव्हारी लागलंय. अशा मुलांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय.

तिथले सर म्हणाले, ‘मूल आतून हुशार आहे, फक्त वाट बंद आहे. आमच्या मशीनवर बोलतं करतो, शंभर टक्के.’ मशीन म्हणजे एक टॅब, ३८,००० रुपयांचा. शिवाय ८०० रुपयांची एक, अशी २४ सेशन्स, सगळे पैसे आधी. सासूबाईंनी बोरमाळ मोडली.

दुसऱ्याच सेशनला मॅडमनी त्याच्या मागे बसून त्याचं मनगट खालून धरलं. टॅबवर मराठी अक्षरं होती. त्याचं बोट भराभर फिरलं आणि वाक्य उमटलं: ‘आई मला सगळं समजतं. मला आजी खूप आवडते.’ मी तिथेच रडले. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंचेही डोळे भरले. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पर ह्यो मला आजी कवापासनं म्हणायला लागला? आपल्या घरात समदी आक्काच म्हणत्यात की.’ मी ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

पुढच्या सेशन्सना मी त्याच्या डोळ्यांकडे बघू लागले. बोट अक्षरांवर फिरत असायचं आणि हा मान वर करून पंख्याकडे बघत असायचा. एका बोटाने टाइप करणारं मोठं माणूससुद्धा अक्षरांकडे बघितल्याशिवाय लिहू शकत नाही.

अकराव्या सेशनला मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढून त्याला भरवला, तोंड पुसलं. त्या आल्यावर मी विचारलं, ‘बाळा, आत्ता काय खाल्लंस?’ मनगट धरलं गेलं, बोट फिरलं: ‘बिस्कीट’. मॅडम म्हणाल्या, ‘परीक्षा घेतली की मुलांचा विश्वास तुटतो, असं करू नका.’ त्यानंतर आम्ही तिथे गेलो नाही.

नंतर एका नोंदणीकृत स्पीच थेरपिस्ट ताईंनी सगळं समजावलं. या हात धरण्याला फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियात सुरू झालेला हा प्रकार १९९० च्या सुमारास अमेरिकेत पसरला. मग तिथे चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि हात धरणाऱ्याला दुसरं. टाइप व्हायचं ते हात धरणाऱ्याने बघितलेलं चित्र. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. आपलाच हात फिरतोय हे धरणाऱ्यालाही बऱ्याचदा कळत नाही म्हणे. त्या मॅडमचं तसं असेलही. पण पैसे आधी घेऊन, वर परीक्षा घेऊ नका म्हणणाऱ्या सेंटरला मी ती सूट देणार नाही.

आणि तो टॅब? आत एक साधं टाइप करून बोलणारं अ‍ॅप होतं, प्ले स्टोअरवर फुकट मिळणारं.

खरं एएसी, म्हणजे बोलण्याला पूरक किंवा पर्यायी संवाद, यात मूल स्वतः बोट ठेवतं, स्वतः चित्र उचलून देतं. सुरुवातीला हात धरून दाखवलं तरी तो हात लवकरात लवकर सोडायचा असतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही आहे. आम्ही तर कागदाच्या फोटोंपासून सुरुवात केली: झोपाळा, पाणी, लाडू, आक्का, नको. लॅमिनेशन करून मागे वेल्क्रो लावलं. ताईंनी मला शिकवलं की बोलताना मीही त्या फोटोंवर बोट ठेवायचं, रोज, त्याने उत्तर दिलं नाही तरी. चित्रांची सवय लागली तर तोंडाने बोलणारच नाही, ही भीती मलाही होती. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं. आपल्या याच भीतीवर त्या लोकांचा धंदा चालतो.

कुणाकडेही जाण्याआधी आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा. १९९२ च्या कायद्याने ती नोंदणी लागते. भिंतीवरचं कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे नोंदणी नव्हे. मॅडमकडे तेवढंच होतं. आम्हाला पावतीही साध्या कागदावर मिळाली होती, पण पैसे यूपीआयने दिल्यामुळे पुरावा राहिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

सेंटरमध्ये त्याच्या हातून सगळी गोड वाक्यं उमटली. ‘नको’ मात्र एकदाही नाही. गेल्या महिन्यात आक्का हळदीचं दूध घेऊन आल्या, तेव्हा त्याने वहीतून ‘नको’चं कार्ड ओढून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मनगट कुणीच धरलं नव्हतं. आक्का कार्डाकडे बघत उभ्या राहिल्या, मग ‘बरं बाबा’ म्हणून दूध परत आत घेऊन गेल्या.