हजार रेषांची किसणी

नातीच्या वाढदिवसाला प्रकाशाच्या प्रयोगांचं एक किट ऑनलाइन मागवलं. १,१४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, झाकणावरचं चित्र तेवढं बदलतं. ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट म्हणून ३१ वर्षं काढली, त्यामुळे डबा आल्यावर नातीआधी मीच उघडला, हे कबूल करतो.

आत तीन बटण-सेलवर चालणारा लाल लेसर, पुठ्ठ्याच्या चौकटीतली ग्रेटिंगची (अगदी जवळजवळ समांतर रेषा असलेली) फिल्म, बारीक जोडफट असलेली काळी पट्टी, पोलरॉइडचे (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या फिल्मचे) दोन तुकडे, ॲक्रिलिकचा प्रिझम आणि लाटा दाखवायची लांब स्प्रिंग, म्हणजे स्लिंकी. स्लिंकी प्लास्टिकची. दुसऱ्याच दिवशी तिचा असा गुंता झाला की अवतरंग (आडवी हलणारी लाट) नाही आणि अनुतरंगही (मागे-पुढे हलणारी लाट) नाही. स्टीलची हवी होती, विषय संपला.

माहितीपत्रक मराठीत आहे हे पाहून आनंद झाला होता. तो पहिल्या पानापर्यंत टिकला. ‘किसणी भिंतीपासून १ मीटर अंतरावर धरा.’ ग्रेटिंगची किसणी! नात निघालीच होती स्वयंपाकघरात, “आबा, आजीची आणू?” म्हणत.

आता मुद्द्याचं. चौकटीवर छापलंय ‘१००० रेषा प्रति मिलिमीटर’. संध्याकाळी दिवे मालवले, लेसर पुस्तकांच्या थप्पीवर चिकटपट्टीने बसवला, समोर ग्रेटिंग उभी केली आणि भिंतीवर ठिपके मोजले. मधला एक, दोन्ही बाजूंना दोन-दोन. पाच. तिथेच मला शंका आली.

कारण असं. ग्रेटिंगच्या रेषांमधल्या प्रत्येक फटीतून प्रकाशाची लाट नव्याने पसरते. शेजारच्या दोन फटींतून निघालेल्या लाटांमध्ये बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो त्या दिशेला शिखरावर शिखर बसतं आणि पहिला ठिपका दिसतो. दोन तरंगलांबींचा फरक पडेल तिथे दुसरा. पण मिलिमीटरला हजार रेषा म्हणजे दोन फटींमधलं अंतर १००० नॅनोमीटर, आणि लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी ६५०. दोन तरंगलांबींचा फरक झाला १३००. हजारच्या अंतरात तेराशेचा फरक कुठल्याच दिशेला पडू शकत नाही. म्हणजे हजार रेषा खऱ्या असतील, तर दुसरा ठिपका दिसताच कामा नये.

नातीला हे तोंडी सांगून पटेना. मग टेप काढला. ग्रेटिंग ते भिंत १०० सेंटिमीटर, मधल्या ठिपक्यापासून पहिला ठिपका ३४.४. ती आठवीत आहे, पायथागोरस तिला येतो. कर्ण १०५.८ आला. ३४.४ ला त्याने भागलं की ०.३२५; एका तरंगलांबीला फटींमधल्या अंतराने भागलं तरी हाच आकडा यायला हवा, म्हणून ६५० ला ०.३२५ ने भागलं की २०००. दोन फटींमध्ये २००० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरला ५०० रेषा. छापल्याच्या निम्म्या.

“पण आबा, लेसरच खोटा असेल तर?”

हा प्रश्न बारावीच्या पोरांनी मला ३१ वर्षांत विचारला नव्हता. लॅब असती तर सोडियमचा दिवा लावला असता. तो आधी गुलाबी पेटतो, मग सावकाश पिवळा होतो, आणि त्याच्या ५८९० व ५८९६ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) दोन रेषांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येतो. घरात तो कुठला? पण आरत्यांची एक जुनी सीडी सापडली. सीडीवरच्या वाटांमधलं अंतर ठरलेलं असतं, १.६ मायक्रोमीटर. पुठ्ठ्याला भोक पाडलं, त्यातून लेसर सरळ सीडीवर सोडला, परत येणारे ठिपके पुठ्ठ्यावरच झेलले. एका मीटरला पहिला ठिपका साडेचव्वेचाळीस सेंटिमीटरवर. हिशेब केला, ६५० च्या आसपासच. लेसर खरा, खोटी ती किसणी. (सीडी आरशासारखी चमकते. परत येणारा किरण कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नका. लेसरवर धोक्याचं लेबलसुद्धा नाही, याचे गुण मी कापले आहेत.)

बाकी माल चांगला आहे. जोडफटीचे पट्टे दोन मीटरवरून स्वच्छ दिसले. प्रिझमला कडेला ओरखडे आहेत, पण सकाळच्या उन्हात खिडकीशी धरला तर रंग पडतात. पोलरॉइड मात्र फारच छान. एकावर एक आडवे-उभे धरले की काळोख, आणि त्या दोघांच्या मध्ये तिसरा तिरका सरकवला की पुन्हा उजेड. अडवणारा पडदा वाढवला आणि उजेड वाढला, हे बघून आमच्या सौ. सुद्धा भाजी चिरायची थांबून आल्या. पण तिसरा तुकडा किटमध्ये नाही! मी बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेवरची फिल्म सोलून काढली. दोन रुपयांच्या तुकड्यासाठी कंपनीने हात का आखडला, कळत नाही.

केसाचा प्रयोगही जमला. लेसरसमोर केस ताणून धरायचा आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर मधल्या उजेडाच्या दोन बाजूंच्या पहिल्या काळ्या पट्ट्यांमधलं अंतर मोजायचं. नातीच्या केसाला चार सेंटिमीटर आलं, माझ्या पांढऱ्याला साडेतीन. पट्टे जितके जवळ तितका केस जाड. तिचा ०.०६५ मिलिमीटर, माझा ०.०७४. डोक्यावर उरलेत थोडे, पण दणकट आहेत.

पाचपैकी तीन तारे. पाचशे रेषांची ग्रेटिंग मुलांना खरं तर जास्त सोयीची, ठिपके जास्त दिसतात. मग पाचशेच छापा की.

ग्राहक सेवेला मोजमापं कळवली. त्यांनी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. मी हिशेबाच्या कागदाचा फोटो पाठवला. आठवड्याने नवी ग्रेटिंग आली, चौकटीवर तेच छापलेलं. नातीने मला न विचारता दिवे मालवले आणि टेप काढला.

“चौतीस पॉइंट चार, आबा.”