बीएडची पोरं शाळेत येतात ती फक्त सह्या घ्यायला का? एक रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. आणि हे कुठल्या मिसळीचं नाही, बीएड कॉलेज आणि महापालिकेच्या शाळा ह्यांच्यात जे इंटर्नशिपचं टायअप असतं ना, त्याचं आहे. मी कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. शाळा सुरू झाली की कॉलेजचं पत्र येतं, मुख्याध्यापक सर ते माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, ह्या वर्षीपण तुमच्याकडंच बरं का." कॉलेजांची नावं लिहीत नाही, गाव लहान आहे, उद्या परत तोंड बघायचंय एकमेकांचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी बीएड एक वर्षाचं होतं, पोरं यायची, ठरलेले सराव पाठ काढायची आणि जायची. एनसीटीईचे (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था) २०१४ चे नियम आले आणि २०१५ च्या बॅचपासून कोर्स दोन वर्षांचा झाला, त्यात एकूण २० आठवडे शाळेत काढायचे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. कागदावर त्याचं नाव आंतरवासिता, आम्ही सगळे इंटर्नशिपच म्हणतो. १६ आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र झालं की हो. एवढ्या दिवसांत पोरांची नावं पाठ होतात, कोण डबा आणत नाही ते कळतं, कुणाला गुणाकार येत नाही ते पण कळतं. म्हणजे कळायला पाहिजे.

आता पहिलं कॉलेज घ्या. त्यांची पोरं वाईट नव्हती हो, पण सगळं लक्ष पाठाच्या वहीत. टाचण व्यवस्थित, उद्दिष्टं-स्पष्टीकरणं लाल पेननं, तक्ते तर असे की महाद्वार रोडवरच्या स्टेशनरीवाल्यानं फ्रेम करून ठेवावेत. पण पाठ झाला की विषय संपला. त्यांचे निरीक्षक सर यायचे ते पाठ अर्धा झाल्यावर, मागं उभं राहून सही करायची, "आवाज वाढवा" असा शेरा मारायचा की निघाले पुढच्या शाळेत. वार्षिक पाठाच्या वेळी तर कमाल, बाहेरचे परीक्षक येणार म्हणून तोच पाठ आदल्या दिवशी त्याच वर्गात घेऊन ठेवलेला. परीक्षकांसमोर प्रश्न विचारला आणि वर्गातली निम्मी पोरं प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर, आणि एक पठ्ठ्या मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, हे कालच झालंय की!" परीक्षक हसले, मार्क दिले, चहा पिऊन गेले. आमच्या पोरांना त्यातनं काय मिळालं म्हणाल तर एक जादा तास गेला.

मग मधे आमच्याकडं दुसऱ्या कॉलेजची बॅच आली, आणि साडेतीन स्टार आहेत ते ह्यांचे. पहिला फरक म्हणजे त्यांच्या प्रोफेसर मॅडम पत्र घेऊन स्वतः आल्या आणि विचारलं काय तर, तुमच्या वर्गाला कशाची गरज आहे. हे आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, सहावीत येऊनपण काही पोरांना हातच्याची वजाबाकी येत नाही, मी अभ्यासक्रम पुरा करू का मागचं भरून काढू? तर त्यांनी पहिल्या आठवड्यात पाठ घेऊच दिले नाहीत. पोरांना वाचन-गणित किती येतं ते बघणाऱ्या असर सर्वेत असतं तसं साधं तपासणं, दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी भागाकार, एकेका पोराला बाजूला घेऊन. त्यावरनं गट पाडले आणि रोज परिपाठानंतर अर्धा तास एकेका छात्राध्यापकाकडं एकेक गट. ज्या वर्गात मी एकटी असते तिथं चौघं जण खाली बसून पोरांशी बोलतायत, हे बघूनच माझं निम्मं टेन्शन गेलं.

एक तास मात्र सविस्तर सांगते. दशांश अपूर्णांक. त्या बॅचमधल्या एका छात्राध्यापिकेनं फळ्यावर ६.५ आणि ६.४५ लिहिलं आणि विचारलं मोठं कुठलं. अख्खा वर्ग, ६.४५! का तर ४५ पाचापेक्षा मोठे. हे दरवर्षीचं आहे, गणित शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. तिनं चूक म्हटलंच नाही. वर्गात गंगावेशचा एक मुलगा आहे, घरी म्हशी, संध्याकाळी वडील तिथल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध घालतात, आणि आजोबा गावाकडं डेअरीला दूध घालतात. त्याला विचारलं, आजोबांच्या पावतीवर फॅट किती असते रे? तो सुरूच झाला, ६.३ ला एवढा दर, ६.४ ला एवढा, ६.५ लागली की आजोबा खूश. मग स्वतःच थांबला आणि म्हणाला, "मॅडम ६.४५ म्हणजे ६.४ च्या जरा पुढं, ६.५ ला अजून पोचलंच नाही की." मला वाटलं झाला पाठ, लय भारी झाला. दुसऱ्या दिवशी तो पावत्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि व्हरांड्यात खडूनं लांब संख्यारेषा काढून पोरांनी त्या पावत्या एकेक करून जागेवर ठेवल्या, वारा आला की परत गोळा करायच्या आणि परत मांडायच्या.

पण खरी गंमत पाठानंतर. त्या प्रोफेसर मॅडम पूर्ण तास शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. सही बिही बाजूला ठेवली आणि छात्राध्यापिकेला विचारलं, "खिडकीजवळची मुलगी मधे काय म्हणाली ऐकलंस?" तिनं ऐकलं नव्हतं. खरं तर मीपण नाही. ती पोरगी हळूच म्हणाली होती, "पाचाच्या पुढं शून्य लावा की." म्हणजे ६.५० आणि ६.४५, झालं की उत्तर. पुस्तकातली रीत त्या पोरीनं स्वतः काढली आणि आम्ही दोघी त्या म्हशीच्या नादात. पुढचा तास त्या मुलीपासनंच सुरू केला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात मागं बसून असं ऐकणारं कुणी आलं नव्हतं, केंद्रप्रमुख येतात पण त्यांना बिचाऱ्यांना माहिती भरायची असते.

ह्यालाच मी टायअप म्हणते. आणि ही कल्पना काय परदेशातनं आलेली नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या हाताखालनं गेलेली आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, गारगोटीचं मौनी विद्यापीठ ज्यांनी उभं केलं, ते १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या अहवालात स्पष्ट आहे की शिक्षक घडवणाऱ्या संस्था विद्यापीठापासनं तुटल्यात, शाळांपासनं तुटल्यात आणि एकमेकींपासनंपण. आणि ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या गावात तरी ही तुटलेली बाजू आधी जोडायला पाहिजे होती, पण असो, तो विषय काढला तर रात्र होईल.

आता शाळांचं पण बोलते, नाहीतर म्हणाल मॅडम एकतर्फी लिहितात. आयती माणसं मिळाली की आमच्या शाळा काय करतात? कुणी रजेवर गेलं की तो वर्ग इंटर्नला, यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची ऑनलाइन माहिती भरायला इंटर्न, गॅदरिंगचं नाच बसवायला इंटर्न. शिक्षक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेलेला असतो, वर्ग मोकळा असतो, मुख्याध्यापक तरी काय करणार हे मला मान्य आहे, पण ती पोरं शिकायला आलेली असतात, बदली कामगार नव्हेत. मानधन नाही, उलट तक्त्यांचा आणि गाडीभाड्याचा खर्च स्वतःचा. राधानगरी, गगनबावड्याकडनं एसटीनं येणारी पोरं आहेत त्यात, पहिली गाडी चुकली की दिवस गेला.

एक स्टार कमी केला तो वेळापत्रकासाठी. इंटर्नशिप ऐन पावसाळ्यात ठेवतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि मग शाळांना सुट्टी, नाहीतर वर्गात पूरग्रस्तांचा मुक्काम. आठवडे मात्र कागदावर पूर्ण होतात. उरलेला अर्धा स्टार विषयांसाठी, मराठी-इतिहासवाले भरपूर, गणिताचा एखादा, इंग्रजी मेथडवाला शोधून सापडत नाही.

ज्या मुख्याध्यापकांकडं पत्र येणार आहे त्यांनी सही करायच्या आधी कॉलेजला एवढंच विचारा, तुमचे प्राध्यापक पूर्ण तास बसणार का, आणि तीच पोरं सलग येणार का दर आठवड्याला नवीन. आणि हो, २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही, तिथं डीएडच लागतं, त्यामुळं "पहिलीला पण पाठवा" असा आग्रह धरू नका, सहावीच्या पुढचे वर्ग द्या. आम्ही त्या दुसऱ्या कॉलेजला परत हो म्हणून कळवलंय, फक्त दिवाळीनंतर या आणि इंग्रजीचा एक तरी पाठवा असं पत्रातच लिहून दिलंय.