कन्ना चौकाजवळचे मोटार बसवणारे दुकान: एका कूलरचा आणि एका मिक्सरचा अनुभव

सोलापुरात एप्रिल उजाडला आणि पारा चाळिशीच्या पुढे सरकला की घरातला कूलर बंद पडणे ही किरकोळ तक्रार राहत नाही. आमचा कूलर माझ्या सासऱ्यांनी इथल्याच एका पत्रेवाल्याकडून जाड पत्र्यात करवून घेतलेला आहे. त्याला अठरा इंची पंखा आहे आणि तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या आहेत. पत्रा अजून कुठेही सडलेला नाही, म्हणून मोटार जळाल्यावर कूलर भंगारात न देता नवी मोटार बसवून घ्यायचे आम्ही ठरवले. हा निर्णय योग्यच होता, पहिले दुकान निवडताना मात्र चूक झाली.

त्या पहिल्या दुकानदाराने जुनी मोटार नीट पाहिलीसुद्धा नाही. कूलर अठरा इंची आहे एवढे ऐकून त्याने एक मोटार काढली, अर्ध्या तासात बसवून दिली आणि अकराशे रुपये घेतले. वारा भरपूर येऊ लागला, पण पंख्याच्या घरघरीत शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येईना. जाळीवरचे पाणी थेंबाथेंबाने अंथरुणावर उडू लागले आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे टाकी दिवसातून तीनदा भरण्याची वेळ आली. विसाव्या दिवशी भर दुपारी वार्निश जळल्याचा वास आला आणि मोटार थांबली. व्होल्टेज कमी-जास्त झाले असेल, एवढेच उत्तर मला मिळाले.

त्यानंतर एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून मी कन्ना चौकाजवळच्या गल्लीतल्या या दुकानात गेले. पूर्व भागातली बरीच दुकाने यंत्रमागाच्या मोटारी भरण्याच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याच्या कामावर उभी राहिली आहेत आणि हे त्यांपैकीच एक आहे. पुढे तांब्याच्या तारेची रिळे, भिंतीला टांगलेले जुने रोटर आणि आतल्या बाजूला धातू कातायचे एक लहान लेथ, असा सगळा मांडणीचा थाट आहे. दुकान चालवणाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते मदतनिसाशी तेलुगूत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात, आणि विचारले तर प्रत्येक गोष्टीचे कारण सांगतात. मी पिशवीतून फक्त जळालेली मोटार काढली, तेव्हा त्यांनी पहिलेच वाक्य उच्चारले, "ताई, पंखा आणि पट्टी कुठे आहे? नुसत्या मोटारीवरून मी मोटार देत नाही." मला परत घरी जाऊन पाते, ज्यावर मोटार बसते ती लोखंडी पट्टी आणि सासऱ्यांच्या काळातली मूळ मोटार आणावी लागली. त्या दिवशी मला याचा त्रास वाटला, आज या दुकानाबद्दल लिहिताना मी हीच गोष्ट सर्वांत वर ठेवते.

मूळ मोटारीवरची पाटी गंजून पुसली गेली होती, त्यामुळे तिचा वेग वाचता येत नव्हता. अण्णांनी मागचे झाकण उघडले आणि काळ्या पडलेल्या वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांवर बोट ठेवून मुख्य गुंडाळ्यांचे गट मोजून दाखवले. ते सहा भरले, म्हणजे मोटार सहा पोलची; एक गट म्हणजे एक पोल. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर सहा पोलची मोटार मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या थोडी आत, म्हणजे साधारण 900 ते 950 फेऱ्यांनी फिरते, तर चार पोलची 1500 च्या आत, म्हणजे 1400 च्या आसपास. पहिल्या दुकानदाराने दिलेल्या मोटारीत चार गट निघाले. आमच्या पात्यांना पीळ जास्त आहे, कारण ती सावकाश फिरून जास्त हवा ओढण्यासाठी केलेली आहेत. पंख्याचा वेग वाढला की त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 900 ऐवजी 1400 फेऱ्यांनी तेच पाते फिरवायला जवळपास पावणेचार पट ताकद लागते. त्या मोटारीत ती नव्हतीच. ओझ्याखाली ती रोज तापत राहिली आणि शेवटी जळाली. वारा गरजेपेक्षा जोरात ओढला जात असल्याने जाळीवरचे पाणी उडत होते, हेही मला तिथेच उमगले.

नवी मोटार सहा पोलची निवडल्यावर खरे काम सुरू झाले. व्हर्नियरने मोजले तेव्हा नव्या मोटारीचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, 12 मिलिमीटर निघाला आणि पात्याच्या हबचे, म्हणजे मधल्या भागाचे भोक अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. आधीच्या दुकानदाराने अशाच फटीत पत्र्याची पातळ पट्टी एका बाजूने सारून स्क्रू आवळला होता. ती पट्टी अण्णांनी चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूने ती चेपली गेली होती आणि तिच्या कडेला काळी पूड जमली होती. पट्टी एकाच बाजूला असल्यामुळे पाते केंद्रातून सरकले होते आणि पंख्याची थरथर व घरघर त्यातूनच येत होती.

शाफ्टवर एक बुश, म्हणजे नळीसारखे कडे चढवले की झाले, असे मला वाटले. पण 0.7 मिलिमीटरच्या फरकात बुशची भिंत 0.35 मिलिमीटरचीच राहते आणि एवढा पातळ बुश स्क्रूच्या दाबाने दबतो, असे त्यांनी सांगितले. त्यांनी हबचे भोक लेथवर 16 मिलिमीटरपर्यंत वाढवले, आतून 12 चा आणि बाहेरून 16 चा लोखंडी बुश कातून तो प्रेसने बसवला, आणि हब व बुश या दोहोंतून आरपार आटे पाडून स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसेल अशी रचना केली. हे काम मी स्टुलावर बसून पाहिले. बुश बसल्यावर त्यांनी पाते हाताने फिरवून एका टोकाजवळ खिळा धरला आणि प्रत्येक पात्याचे टोक त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावरून जाते का, हे तीन वेळा तपासले.

मोटारीची भोके आणि ती बसते त्या जुन्या लोखंडी पट्टीची भोके जुळत नव्हती. पट्टीला वेडीवाकडी नवी भोके पाडण्याऐवजी त्यांनी मध्ये बसणारी एक जाड पत्र्याची चकती केली, तिला लांबट खाचा ठेवल्या आणि बोल्टखाली रबरी वॉशर दिले. शाफ्ट जुन्यापेक्षा लांब असल्याने पाते त्याच्याभोवतीच्या गोल रिंगच्या बाहेर येत होते. पाते रिंगच्या बाहेर राहिले की हवा कडेने मागे वळते आणि वारा पडतो, म्हणून मोटार तेवढीच मागे घेतली. रबरामुळे मोटारीचा कूलरच्या पत्र्याशी असलेला धातूचा संबंध तुटतो, हे लक्षात घेऊन त्यांनी मोटारीच्या अंगापासून वेगळी हिरवी अर्थिंगची तार काढून दिली. पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या खोक्यात ही तार किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको, आणि तरीही पहिल्या दुकानात ती कुणी जोडली नव्हती.

बाकीच्या गोष्टी झटपट उरकल्या. पंखा प्रथम उलटा फिरला, तेव्हा स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोके अदलाबदल करून दिशा सुधारली. कंडेन्सर मोटारीच्या पाटीवर लिहिल्याप्रमाणे 4 मायक्रोफॅरडचा नवा बसवला. दमट हवेत राहणाऱ्या मोटारीला दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले 6201 बेअरिंग बरे, असे सांगून तसेच बेअरिंग घातले. शेवटी क्लॅम्प मीटर लावून चालू पंख्याचा करंट मोजला. पाटीवर 0.75 अँपिअर लिहिले होते आणि मीटर 0.68 दाखवत होता. मोटार, लेथचे काम आणि मजुरी मिळून एकोणीसशे पन्नास रुपये झाले. पहिल्या दुकानापेक्षा हे जास्त आहेत, तरी मला ते महाग वाटले नाहीत.

दुसरे काम जाऊबाईंच्या मिक्सरचे होते. त्या ऑर्डरप्रमाणे शेंगा चटणी करून देतात आणि त्यांची 500 वॅटची मोटार जळाली होती. त्याच बॉडीत 750 वॅटची बसवून द्या, असा त्यांचा आग्रह होता. अण्णांनी स्पष्ट नकार दिला. मिक्सरच्या तळाचे, ओझे वाढले की वीज तोडणारे ओव्हरलोडचे बटण, हवा जाण्याच्या खाचा आणि मोटारीला जारशी जोडणारा कपलर हे सगळे लहान मोटारीच्या हिशोबाने केलेले असतात. मोठी मोटार घातली तर बटण वरचेवर पडते, आणि ते बदलले तर बॉडी तापते. शेंगांना तेल सुटले की कूट पात्याला चिकटून ओझे एकदम वाढते, त्यामुळे थोडे थोडे घालून मध्ये विश्रांती द्या, हा त्यांचा सल्ला होता. जास्त पैशांचे काम समोर असताना नाही म्हणणारा दुकानदार मी क्वचितच पाहिला आहे. 500 वॅटचीच मोटार बसली, पण शाफ्ट कपलरच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत त्यांनी मोटारीखालचे रबरी पाय दोनदा बदलले. छताच्या पंख्याची कामे मात्र ते निराळी मानतात, कारण त्यात मोटारीचा बाहेरचा भागच फिरतो आणि पाती थेट त्यालाच जोडलेली असतात. तिथे दुसरी मोटार बसवण्यापेक्षा तीच भरून घ्यावी, असे त्यांचे मत आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गुरुवारी देतो म्हणालेला कूलरचा पंखा शनिवारी संध्याकाळी मिळाला आणि ते दोन दिवस आम्ही फार हाल काढले. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मोटारीची हमी तोंडी सांगितली जाते. मी ती पावतीच्या मागे लिहून घेतली, तुम्हीही घ्या. घरी येऊन काम करायला त्यांच्याकडे माणूस नाही. उन्हाळा सुरू झाल्यावर गर्दी इतकी असते की मोजमापाला लागणारा वेळ मिळावा म्हणून मार्च लागण्याआधी गेलेले बरे. जाताना जुनी मोटार, पाते, पट्टी आणि बोल्टसुद्धा सोबत न्यावेत. शक्य असेल तर रिंगची खोली मोजपट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावी, कारण पाते किती आत बसवायचे हे अण्णा त्यावरूनच ठरवतात.