एक बॅटरी, दोन आल्टरनेटर, की सगळंच दुहेरी?

आरव्ही-७ सारखं दोन आसनी विमान स्वतः बांधताना वायरिंगचा आराखडा ठरवायची वेळ आली, की बहुतेक जण आधी बॅटऱ्या मोजायला लागतात. त्याआधी एवढं बघा: हवेत वीज पूर्ण गेली तर इंजिन चालू राहील का? लायकमिंग इंजिनावर दोन मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी देणारी यंत्रं) आणि यांत्रिक इंधनपंप असेल तर राहील. इग्निशन आणि फ्युएल इंजेक्शन दोन्ही इलेक्ट्रॉनिक असतील तर बंद पडेल. निम्मा निर्णय इथेच होतो. खालचे तिन्ही पर्याय १४ व्होल्टचे आहेत.

एक बॅटरी, एक आल्टरनेटर, वेगळी एन्ड्युरन्स बस

बस म्हणजे अनेक उपकरणांना वीज वाटणारी सामाईक पट्टी. स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) एवढंच या एन्ड्युरन्स बसवर. एरवी तिला मेन बसवरून डायोडमधून (तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो) वीज मिळते, आणि दुसरी वायर थेट बॅटरीकडून स्विचमार्गे येते. ही वायर बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज करा. पॅनेलच्या टोकाला फ्यूज लावला तर मधली सगळी लांबी संरक्षणाविनाच राहते. आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) गेला, व्होल्टेज १३ च्या खाली येऊन इशारा दिवा लागला, की आधी हा स्विच चालू, मग मास्टर (मुख्य स्विच) बंद. नुसती मास्टरच्या कॉन्टॅक्टरची (बॅटरी मेन बसला जोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइलच पाऊण ते एक अँपिअर खात असते.

हिशोब असा. १६ अँपिअर-तासांची बॅटरी हा आकडा २० तासांच्या संथ डिस्चार्जचा असतो. ४ अँपिअरच्या लोडवर नवी बॅटरी साधारण १३ अँपिअर-तास देते. जुनी होऊन ८० टक्क्यांवर आलेली धरली तर साडेदहा, म्हणजे अडीच तास. मॅग्नेटो असलेल्या, दिवसा उडणाऱ्या विमानाला एवढं भरपूर आहे.

एक बॅटरी, दोन आल्टरनेटर

व्हॅक्यूमची उपकरणं नसतील तर इंजिनावरची व्हॅक्यूम पंपाची जागा मोकळीच असते. तिथे ८ अँपिअरचा कायमचुंबकी डायनॅमो बसतो, नाहीतर २० अँपिअरचा छोटा आल्टरनेटर. एन्ड्युरन्स बसचा लोड ४ अँपिअर असेल तर ८ वर भागतं आणि टाकीत इंधन असेपर्यंत वीज पुरते. वजन बॅटरीच्या तुलनेत किरकोळ. मॅग्नेटोवाल्याने इथेच थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टी मात्र नडतात. या डायनॅमोच्या साध्या रेग्युलेटरला जागं व्हायला बॅटरीचं व्होल्टेज लागतं, म्हणून त्याची वायर कॉन्टॅक्टरच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडा. मास्टर बंद केल्यावरही चार्जिंग चालू राहील. दुसरं, थ्रॉटल मागे घेऊन उतरताना त्याचं उत्पादन घसरतं आणि तूट बॅटरीच भरते.

दोन बॅटऱ्या, दोन आल्टरनेटर

विजेवर अवलंबून असलेल्या इंजिनाला किमान दोन बॅटऱ्या हव्यातच. पंप, इग्निशन आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) मिळून १० अँपिअर सहज ओढतात. एकाच बॅटरीवर नवी असताना जेमतेम तासभर मिळतो. इंजिनाचे लोड थेट बॅटरीला जोडलेल्या बसवर घ्या, कॉन्टॅक्टरच्या पुढे नको. नाहीतर कॉकपिटमध्ये धूर झाला म्हणून मास्टर बंद केला, की इंजिनही बंद.

दोन्ही बाजू जोडणारा क्रॉसफीड कॉन्टॅक्टर एरवी उघडाच, म्हणजे जोडणी तोडूनच ठेवायचा. स्टार्टरच्या वेळी आणि एक आल्टरनेटर गेल्यावर तेवढा लावायचा. कायम लावून ठेवला तर एका बाजूचा शॉर्ट दुसरीलाही ओढून नेतो, मग दुहेरीपणा कागदावरच उरतो. बॅटरी सात किलोची, जाड केबल आणि कॉन्टॅक्टर धरून भर दहा किलोच्या आसपास. ती शेपटीकडे ठेवणार असाल तर गुरुत्वमध्य पुन्हा मोजा. दरवर्षी एक नवी बॅटरी मुख्य जागी आणि तिथली दुय्यम जागी सरकवली, की दोन्ही एकदम म्हाताऱ्या होत नाहीत.

कोणताही पर्याय घ्या, ओव्हरव्होल्टेज संरक्षण प्रत्येक आल्टरनेटरला वेगळं हवं. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १६ च्या वर गेलं, की संरक्षणाचं मॉड्यूल फील्डचा (आल्टरनेटरमध्ये चुंबकत्व निर्माण करणाऱ्या कॉइलचा) ५ अँपिअरचा ब्रेकर पाडतं. कायमचुंबकी डायनॅमोला तोडायला फील्डच नसते, म्हणून तिथे आउटपुटवर रिले लावावा लागतो. हे नसेल तर चढलेलं व्होल्टेज त्याला जोडलेली उपकरणं जाळू शकतं. अर्थिंगलाही तीच वेगवेगळं ठेवण्याची काळजी: ईसीयूच्या दोन्ही अर्थ वायर एकाच लगमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यात) क्रिंप करू नका, तो सुटला की दोन्ही जातात.

शेवटी चाचणी. एन्ड्युरन्स बसचा स्विच वर्षभर वापरलाच नाही तर तो बिघडलेला कळणार नाही, कारण डायोडमधून वीज येतच असते. म्हणून दर उड्डाणाआधी, मास्टर चालू करण्यापूर्वी, आधी हा स्विच लावा. स्क्रीन उजळली तर बॅटरीकडची वाट ठीक. मग स्विच बंद करून मास्टर लावा. स्क्रीन पुन्हा उजळली तर डायोडही ठीक.